लिनक्स कर्नल घड्याळ कसं चालवतो: टायमर इंटरप्ट आपल्याच मशीनवर पाहून समजून घेऊ

लिनक्स मशीनवर वेळेचा घोळ दिसला की आधी एकच प्रश्न विचारायचा: चूक वेळ वाचताना होतेय, की ठरल्या वेळी जागं होताना? लॉगमधल्या नोंदी मागेपुढे दिसत असतील तर ती पहिल्या जातीची तक्रार. एक मिलिसेकंद झोपायला सांगितलेला प्रोग्राम चार मिलिसेकंदांनी उठत असेल तर ती दुसऱ्या जातीची. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, या दोन कामांसाठी दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. वेळ वाचण्यासाठी क्लॉकसोर्स: हा नुसता पुढे धावणारा काउंटर, विचारलं तरच बोलतो. जागं करण्यासाठी क्लॉकइव्हेंट: हा गजर, लावलेली वेळ झाली की इंटरप्ट देऊन प्रोसेसरला हातातलं काम सोडायला लावतो.

पूर्वी हे वेगळं नव्हतं. ठरावीक अंतराने येणारा एकच इंटरप्ट, म्हणजे टिक, दोन्ही कामं करायचा. तो आला की जिफीज नावाचा आकडा एकाने वाढायचा आणि सगळी वेळ त्या आकड्यावरून काढली जायची. एखादा इंटरप्ट हुकला की घड्याळ तेवढं मागे पडायचं. जॉन स्टल्ट्झ यांच्या कामातून कर्नलच्या २.६.१८ आवृत्तीत (२००६) क्लॉकसोर्सची चौकट आली. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांच्या कामातून २.६.२१ मध्ये (२००७) क्लॉकइव्हेंट आला. आजचा सगळा डोलारा या फारकतीवर उभा आहे, आणि ती डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सोपं जातं.

पुढच्या पायऱ्यांसाठी इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा लॅपटॉप, त्यावर उबुंटू, फेडोरा, डेबियन यांपैकी काहीही, आणि रूटची परवानगी एवढं पुरेल. व्हर्च्युअल मशीनवर करत असाल तर काही आकडे वेगळे दिसतील; ते का, हे पुढे येतं.

पायरी १: मशीनमध्ये कोणकोणती घड्याळं आहेत ते बघा

पीसीमध्ये एक घड्याळ काढून दुसरं बसवलं असं कधी झालं नाही. जुन्याशेजारी नवीन येत गेलं, म्हणून आजच्या लॅपटॉपमध्ये पाच पिढ्या एकत्र नांदतात.

सर्वांत जुना पीआयटी. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलची ८२५३ चिप होती, तिचाच हा वंश. याची गती १.१९३१८२ मेगाहर्ट्झ, आणि हा विचित्र आकडा आला अमेरिकन रंगीत टीव्हीमुळे. बोर्डावर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता, म्हणजे एनटीएससी रंगवाहक लहरीच्या चौपट. त्याला १२ ने भागून पीआयटीला दिलं. काउंटर १६ बिटांचा असल्याने तो जास्तीत जास्त ५५ मिलिसेकंद मोजू शकतो. डॉसच्या काळात सेकंदाला १८.२ टिका पडायच्या, त्याचं मूळ इथे आहे.

दुसरा आरटीसी. १९८४ च्या पीसी एटीपासून तो मदरबोर्डावर आहे, मोटोरोलाच्या एमसी१४६८१८ चिपच्या घराण्यातला. ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक, म्हणजे २ चा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की नेमका एक सेकंद. मशीन बंद असताना चालू राहणारं हे एकमेव घड्याळ, आणि त्याची बारीक वेळ सांगायची तयारी नाही. कर्नल बूट होताना आणि सस्पेंडमधून उठताना त्याला विचारतो, एरवी त्याच्याकडे फारसं बघत नाही.

तिसरा एसीपीआयचा, म्हणजे वीज व्यवस्थापनाच्या मानकातला, पीएम टायमर: ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ, पुन्हा तोच टीव्हीचा आकडा. बहुधा २४ बिटांचा, म्हणून साधारण ४.७ सेकंदांत भरून शून्यावर येतो. चौथा एचपेट: किमान १० मेगाहर्ट्झचा, पण प्रोसेसरच्या बाहेर असल्याने वाचायला महाग.

पाचवी जोडी खरी कामाची, कारण ती प्रत्येक कोअरच्या आत आहे. टीएससी हा १९९३ च्या पेंटियमपासूनचा ६४ बिटी काउंटर, एका सूचनेत वाचता येतो. लोकल एपिक टायमर हा त्याच कोअरचा खासगी गजर.

आता प्रत्यक्ष बघा. सिस फाईलसिस्टीममध्ये डिव्हाइसेस, सिस्टीम, क्लॉकसोर्स, क्लॉकसोर्स० या वाटेने आत जा. तिथली अव्हेलेबल_क्लॉकसोर्स फाईल कॅटने वाचली की बहुतेक मशीनवर टीएससी, एचपेट आणि एसीपीआय_पीएम अशी यादी येते. शेजारची करंट_क्लॉकसोर्स सांगते की आत्ता कोण कामावर आहे. गजरांसाठी क्लॉकइव्हेंट्स नावाची वेगळी डिरेक्टरी आहे. तिथे प्रत्येक कोअरचं वेगळं घर आहे, आणि आतल्या करंट_डिव्हाइसमध्ये बहुधा लॅपिक-डेडलाइन लिहिलेलं दिसेल.

पायरी २: बूट होताना कर्नलने निवड कशी केली ते वाचा

डीमेसेग ही कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड. तिचं आउटपुट टीएससी आणि क्लॉकसोर्स या दोन शब्दांसाठी ग्रेप करा. ओळी वरून खाली वाचल्या की निवडीची सगळी हकीकत कळते. सुरुवातीला प्रोसेसरची गती ओळखल्याची ओळ येते. मग काही काळ एचपेट किंवा टीएससी-अर्ली नावाचा हंगामी क्लॉकसोर्स काम बघतो. थोड्या वेळाने रिफाइन्ड टीएससी कॅलिब्रेशनची ओळ येते. त्या दरम्यान कर्नलने एचपेट किंवा पीएम टायमरच्या मापाने सुमारे सेकंदभर टीएससी मोजलेला असतो. त्यानंतर टीएससीवर कायमचा बदल होतो.

ही खबरदारी उगाच नाही. जुन्या प्रोसेसरवर गती कमीजास्त झाली की टीएससीची गतीही बदलायची, आणि गाढ झोपेत तो थांबायचाही. म्हणून प्रॉक फाईलसिस्टीममधल्या सीपीयूइन्फो फाईलमध्ये फ्लॅग्जच्या ओळीत कॉन्स्टंट_टीएससी आणि नॉनस्टॉप_टीएससी हे दोन शब्द शोधा. दोन्ही असतील तर टीएससी घड्याळ म्हणून भरवशाचा. नॉनस्टॉप नसेल आणि प्रोसेसर गाढ झोपेत जात असेल, तर कर्नल त्याला घड्याळ म्हणून टिकू देत नाही आणि एचपेटकडे वळतो.

पायरी ३: काउंटरच्या आकड्याचे नॅनोसेकंद कसे होतात

या पायरीवर थांबून वेळ द्या. कर्नलमधलं मला सर्वांत देखणं वाटणारं गणित हे आहे.

टीएससी २.४ गिगाहर्ट्झचा आहे असं धरू. एका ठोक्याला ०.४१६६६… नॅनोसेकंद. कर्नलच्या आत दशांश अपूर्णांकांचं गणित करत नाहीत, आणि दर वेळी भागाकार करणं महाग. म्हणून दोन पूर्णांक आधीच काढून ठेवतात: मल्ट आणि शिफ्ट. ठोक्यांना मल्टने गुणायचं आणि उत्तर शिफ्ट इतके बिट उजवीकडे सरकवायचं. झाले नॅनोसेकंद.

या गतीला शिफ्ट २४ येतो. २ चा चोविसावा घात १,६७,७७,२१६. त्याला २.४ ने भागलं की ६९,९०,५०६.६७. जवळचा पूर्णांक ६९,९०,५०७, हा झाला मल्ट. एक तृतीयांशाने तो मोठा आहे, म्हणून दर सेकंदाला सुमारे ४८ नॅनोसेकंद जास्त मोजले जातात, दिवसाला चार मिलिसेकंद. कर्नल ही चूक विसरत नाही. साचत गेलेली चूक वेगळी लिहून ठेवतो आणि मल्ट एकाने खालीवर करत ती फेडत राहतो. एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या व्यवस्थेने) घड्याळ हळूहळू सरकवायचं असतं तेव्हाही हाच मल्ट हलतो. क्रोनी हा एनटीपी प्रोग्राम चालू असलेल्या मशीनवर घड्याळ उडी न मारता सरळ रेषेत येतं ते यामुळे.

आता गुणाकाराची मर्यादा बघा. ६४ बिटांत मावायला हवा म्हणून या मल्टसह जास्तीत जास्त १,०९९ सेकंदांचे ठोके एका वेळी गुणता येतात. मल्ट ११ टक्क्यांपर्यंत वर जाऊ शकतो असं धरून ही मर्यादा खाली येते ९९० सेकंदांवर. तोच मल्ट ११ टक्के खाली असेल तर त्या ठोक्यांचे होतात ८८१ सेकंद. मग सुरक्षिततेसाठी त्याचं अर्धं: सुमारे ४४०.८ सेकंद. डीमेसेगमधल्या टीएससीच्या ओळीत मॅक्स_आयडल_एनएस बघा. बहुतेक मशीनवर तो आकडा ४४०७९५ पासून सुरू होतो. कागदावर मांडलेलं गणित बूट लॉगमध्ये तसंच्या तसं सापडतं! त्याचा अर्थ असा: सगळं मशीन झोपलेलं असलं तरी साधारण सव्वासात मिनिटांच्या आत एकदा कुणीतरी उठून साचलेले ठोके मूळ हिशेबात टाकले पाहिजेत.

हा हिशेब कर्नल मेमरीच्या एका पानावर मांडून ठेवतो आणि ते पान प्रत्येक प्रोग्रामला वाचण्यापुरतं उघडं करतो. त्याला व्हीडीएसओ म्हणतात. प्रोग्रामने क्लॉक_गेटटाइम हाक मारली की कर्नलमध्ये जावंच लागत नाही. पानावरचे मल्ट-शिफ्ट घ्यायचे, टीएससी वाचायचा, गुणायचं, बस. वीस-पंचवीस नॅनोसेकंदांत काम होतं. वाचताना कर्नलने मध्येच पान बदललं तर? पानावर एक अनुक्रमांक असतो. वाचण्याआधीचा आणि नंतरचा जुळला नाही तर पुन्हा वाचायचं.

पायरी ४: एका टायमर इंटरप्टचा प्रवास

आता गजराची बाजू. एका कोअरवर पुढचा टायमर ३ मिलिसेकंदांनी वाजायचा आहे. कर्नल हिशेब करतो: त्या क्षणी टीएससी किती असेल? तो आकडा प्रोसेसरच्या ०x६ई० क्रमांकाच्या एमएसआर रजिस्टरमध्ये लिहितो. टीएससी डेडलाइन पद्धत ती हीच. पुढे हार्डवेअर स्वतः टीएससीवर नजर ठेवतं. आकडा गाठला किंवा ओलांडला की लोकल एपिक २३६ क्रमांकाच्या व्हेक्टरवर इंटरप्ट देतो. तो एकदाच. पुन्हा हवा असेल तर पुन्हा लिहायचं.

इंटरप्ट आला. त्या कोअरवर समजा तुमचा व्हिडिओ प्लेअर चालू होता. प्रोसेसर त्याची रजिस्टरं बाजूला ठेवून कर्नलच्या नोंदणीच्या जागी उडी घेतो. पावती देऊन झाली की हातात काम येतं एचआरटायमर_इंटरप्ट या फंक्शनच्या. इथे त्या कोअरच्या टायमरांची रेड-ब्लॅक झाडं (वेळेच्या क्रमाने लावलेली रचना) असतात, प्रत्येक प्रकारच्या घड्याळाला वेगळं झाड. सर्वांत डावीकडची गाठ म्हणजे सर्वांत आधी वाजणारा टायमर. फंक्शन आधी क्लॉकसोर्सला वेळ विचारतं, आणि मुदत उलटलेले सगळे टायमर एकेक करून काढून त्यांची कामं उरकतं. शेवटी उरलेल्यांतला सर्वांत डावीकडचा बघतं आणि रजिस्टरमध्ये नवा आकडा लिहितं.

लिहीपर्यंत ती वेळच निघून गेली असेल तर? मग पुन्हा फेरी. असं तीनदा झालं की कर्नल मानतो की काहीतरी अडकलं आहे. तो पुढचा गजर मुद्दाम थोडा लांब लावतो, आणि हा इंटरप्ट किती नॅनोसेकंद चालला त्याची ओळ डीमेसेगमध्ये टाकतो. ती ओळ दिसली तर हलक्यात घेऊ नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये बहुधा होस्टने मधेच प्रोसेसर काढून घेतलेला असतो. खऱ्या हार्डवेअरवर बायॉस एसएमआयच्या (कर्नलला न विचारता येणाऱ्या इंटरप्टच्या) वाटेने प्रोसेसर पळवत असण्याची शक्यता मोठी.

आणि टिक कुठे आहे? बारीक टायमरांच्या जमान्यात टिक हा त्याच झाडावरचा आणखी एक टायमर आहे. फरक इतकाच, की काम झालं की तो स्वतःला पुढच्या टिकेसाठी पुन्हा झाडावर टांगतो. टिक पडली की चालू प्रोसेसच्या खात्यावर वेळ मांडला जातो, शेड्युलरला कोअर दुसऱ्याला द्यायचा का हे तपासायची संधी मिळते, आणि जुन्या पद्धतीच्या टायमरांसाठी सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टनंतर लगेच उरकायचं काम) उठवला जातो. जिफीज वाढवायचं काम सगळे कोअर करत नाहीत, ती जबाबदारी एका वेळी एकाच कोअरवर असते. तोही आता आंधळेपणाने एक मिळवत नाही. क्लॉकसोर्सला विचारतो, मागच्या वेळेपासून किती टिकांचा काळ गेला ते काढतो, आणि तेवढे मिळवतो. म्हणजे इंटरप्ट उशिरा आला तरी घड्याळ मागे पडत नाही.

जुन्या पद्धतीचे टायमर झाडावर नसतात, ते टायमर व्हीलवर असतात. टीसीपीचं उत्तर अमुक वेळात आलं नाही तर पुन्हा पाठव, डिस्कने तमुक वेळात काम केलं नाही तर तक्रार कर, अशी कामं तिथे. यातले बहुतेक टायमर वाजण्याआधीच रद्द होतात, म्हणून लावणं आणि काढणं स्वस्त हवं, अचूकता दुय्यम. २०१६ च्या ४.८ कर्नलमध्ये ग्लाइक्सनर यांनी हे चक्र नव्याने लिहिलं. प्रत्येक पातळीवर ६४ कप्पे, आणि वरची पातळी खालच्यापेक्षा आठपट जाडी. एचझेड (सेकंदाला पडणाऱ्या टिकांची संख्या) १००० असेल तर ६३ मिलिसेकंदांपर्यंत एक मिलिसेकंदाची बारकाई, त्यापुढे ५११ पर्यंत आठची, त्यापुढे चौसष्टची. टायमर थोडा उशिरा वाजेल, लवकर कधीच नाही.

जिफीजबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ३२ बिटांवर एचझेड १००० असेल तर हा आकडा ४९.७ दिवसांनी भरून शून्यावर येतो. ज्या ड्रायव्हरने याचा विचार केलेला नाही तो नेमका पन्नासाव्या दिवशी कोसळणार, आणि तोपर्यंत चाचणी कोण चालू ठेवणार? म्हणून कर्नलमध्ये जिफीजची सुरुवात शून्यापासून होतच नाही. बूट झाल्यावर पाच मिनिटांत भरेल इतका मोठा आकडा मुद्दाम सुरुवातीला ठेवलेला आहे. चुकीचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ती चूक त्याच दुपारी दिसते. इतकी साधी आणि इतकी उपयोगी युक्ती क्वचित बघायला मिळते.

पायरी ५: हे सगळं डोळ्यांनी बघा

प्रॉकमधली इंटरप्ट्स फाईल उघडा. खालच्या भागात एलओसी नावाची ओळ आहे, ती लोकल टायमर इंटरप्टांची. प्रत्येक कोअरचा वेगळा आकडा. वॉच कमांड दर सेकंदाला आणि फरक ठळक करून चालवा. मशीन निवांत असेल तर आकडे रेंगाळत वाढतात.

आता दुसऱ्या टर्मिनलमध्ये टास्कसेटने येस ही कमांड दोन क्रमांकाच्या कोअरला बांधून चालवा, आउटपुट नल डिव्हाइसकडे वळवा. त्या एका कोअरचा आकडा आता सेकंदाला २५० किंवा १००० ने वाढू लागेल. हा तुमच्या कर्नलचा एचझेड. खात्री करायची तर बूट डिरेक्टरीतल्या कॉन्फिग फाईलमध्ये कॉन्फिग_एचझेड ग्रेप करा. २५० म्हणजे ४ मिलिसेकंदांची टिक, १००० म्हणजे एक.

इथे एक सापळा आहे. गेटकॉन्फला सीएलके_टीसीके विचारलं तर १०० उत्तर येतं आणि अनेकजण तोच एचझेड समजतात. तो आकडा प्रोग्रामांना दाखवण्यासाठी गोठवलेला आहे, कर्नलच्या खऱ्या टिकेशी त्याचा संबंध नाही.

निवांत कोअरवर आकडे कमी का? कारण काम नसताना टिक थांबवली जाते. कोअर झोपायला निघाला की कर्नल पुढचा खरा टायमर कधी आहे ते बघतो आणि थेट त्याच वेळेचा गजर लावतो. लॅपटॉपची बॅटरी टिकते त्यात याचा मोठा हात आहे. पण गाढ झोपेत काही प्रोसेसरांचा लोकल एपिक टायमरच बंद पडतो. अशा वेळी बाहेरचा एचपेट सगळ्यांच्या वतीने जागता पहारा देतो आणि वेळ झाली की त्या कोअरला उठवतो. सीपीयूइन्फोच्या फ्लॅग्जमध्ये एआरएटी दिसलं तर तुमच्या प्रोसेसरला याची गरज नाही.

३.१० कर्नलपासून (२०१३) कामात असलेल्या कोअरवरही टिक जवळपास बंद करता येते. त्यासाठी बूट करताना नोहर्ट्झ_फुल या पर्यायात कोअरचे क्रमांक द्यायचे आणि त्या कोअरवर एकच काम ठेवायचं. मोठी वैज्ञानिक गणितं किंवा मायक्रोसेकंदांना किंमत असलेली कामं सोडली तर याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. साध्या सर्व्हरवर कर्नलमध्ये ये-जा महाग होते आणि हाती काही लागत नाही.

आणखी खोलात बघायचं तर ट्रेसिंग वापरा. ट्रेस-सीएमडी रेकॉर्डला टायमर हा इव्हेंट गट द्या, दोन-तीन सेकंद चालू ठेवा आणि रिपोर्ट वाचा. एचआरटायमर_एक्सपायर_एंट्रीच्या ओळींमध्ये कोणतं फंक्शन वाजलं ते लिहिलेलं असतं. जुन्या कर्नलवर टिक_शेड_टायमर, नव्यावर टिक_नोहर्ट्झ_हँडलर. चौथ्या पायरीतली टिक ती हीच. बॅटरी खाणारा प्रोग्राम हुडकायचा असेल तर कुणाचे टायमर सारखे वाजतात हे याच रिपोर्टात दिसतं.

पायरी ६: एक मायक्रोसेकंद झोपून बघा

सी मध्ये छोटा प्रोग्राम लिहा: क्लॉक_नॅनोस्लीपने एक मायक्रोसेकंद झोपायचं, आधी आणि नंतर क्लॉक_मोनोटॉनिक वाचायचं, हे हजार वेळा करून सरासरी काढायची. उत्तर पन्नास मायक्रोसेकंदांच्या पुढेच येईल. हार्डवेअर मंद आहे म्हणून नव्हे. कर्नल प्रत्येक साध्या प्रोसेसच्या झोपेला मुद्दाम ५० मायक्रोसेकंदांची ढील देतो. त्याला टायमर स्लॅक म्हणतात. जवळजवळच्या वेळचे अनेक टायमर एकाच इंटरप्टमध्ये उरकता यावेत, कोअरला सारखं उठवावं लागू नये, हा हेतू.

आता प्रोग्रामच्या सुरुवातीला पीआरसीटीएलने पीआर_सेट_टायमरस्लॅक १ करा आणि पुन्हा मोजा. आकडा काही मायक्रोसेकंदांवर येतो. उरलेला वेळ इंटरप्ट येण्याचा, झोपेतून उठण्याचा आणि शेड्युलरने कोअर देण्याचा. शेड_फिफोसारख्या रिअल-टाइम धोरणाखाली प्रोसेस चालवली तर स्लॅक आपोआप शून्य होतो. मशीनची खरी कुवत जोखायची असेल तर आरटी-टेस्ट्स पॅकेजातला सायक्लिकटेस्ट रात्रभर चालवा, आणि सरासरीकडे दुर्लक्ष करून कमाल आकडा बघा. यंत्र नियंत्रण किंवा ध्वनिमुद्रणासारख्या कामात तो एकच महत्त्वाचा. प्रीएम्प्ट_आरटी, म्हणजे कर्नलला रिअल-टाइम करणारा बदल, २०२४ च्या ६.१२ मध्ये मूळ कर्नलमध्ये आल्यापासून वेगळे पॅच लावत बसायची गरज राहिलेली नाही.

पायरी ७: नेहमीचे बिघाड ओळखा

घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे. भारतात विंडोज आणि लिनक्स शेजारी ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे भेटतं. विंडोज आरटीसीमध्ये भारतीय वेळ लिहितो, लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वर ५:३० मिळवतो. दुपारी साडेतीनला लिनक्स सुरू केलं की रात्रीचे नऊ दिसतात. इंटरनेट आलं की एनटीपी ते सुधारतं आणि पुढे आरटीसीही यूटीसीवर आणून ठेवतं, मग विंडोज साडेपाच तास मागे. चांगला उपाय विंडोजच्या बाजूला: रजिस्ट्रीत टाइमझोनइन्फर्मेशन या जागी रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड १ करा. दुसरा उपाय टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १. ही कमांड इशारा देते, कारण उन्हाळ्यात घड्याळ सरकवणाऱ्या देशांत त्याने गोंधळ होतो. भारतात तो प्रश्न नाही, तरीही आरटीसी यूटीसीवर ठेवणंच बरं.

दर वेळी सुरू केल्यावर तारीख काही वर्षं मागे. मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला. ब्राउझर एकाएकी सगळ्या साइटांच्या प्रमाणपत्रांवर तक्रार करू लागला तर आधी तारीख बघा. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांवर आरटीसीच नाही, म्हणून इंटरनेट नसलेल्या जागी तो बसवायचा असेल तर आरटीसीचं छोटं मॉड्युल जोडा.

सर्व्हर अचानक मंद, आणि एस-ट्रेसमध्ये (प्रोग्रामने कर्नलला मारलेल्या हाका दाखवणारी कमांड) क्लॉक_गेटटाइमचा पाऊस. व्हीडीएसओ नीट चालत असेल तर ही हाक एस-ट्रेसमध्ये दिसतच नाही. दिसतेय म्हणजे क्लॉकसोर्स टीएससीवरून घसरला. डीमेसेगमध्ये टीएससी अनस्टेबल ठरवल्याची ओळ शोधा. कर्नलमध्ये एक पहारेकरी दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची एचपेट किंवा पीएम टायमरशी तुलना करतो, आणि फरक जास्त दिसला की टीएससीला बाद करतो. मग प्रत्येक वाचन कर्नलमधून आणि प्रोसेसरच्या बाहेरून, म्हणजे मायक्रोसेकंदाच्या घरात. डेटाबेस दर व्यवहाराला अनेकदा वेळ विचारतो, त्याला हा फटका जबर बसतो. बूटच्या ओळीत टीएससी=रिलायबल लिहून पहारेकऱ्याला गप्प करता येतं, पण आधी बायॉस अद्ययावत करा. कोअरांचे टीएससी एकमेकांशी खरंच जुळत नसतील तर पहारेकऱ्याचंच बरोबर आहे.

केव्हीएमवरच्या (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) व्हर्च्युअल मशीनमध्ये करंट_क्लॉकसोर्स बहुधा केव्हीएम-क्लॉक दिसतो. होस्ट आणि पाहुणा यांच्यात एक पान सामायिक असतं. टीएससी कसा मोजायचा हे होस्ट त्यावर लिहितो, त्यामुळे मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवलं तरी वेळ तुटत नाही. तो तसाच राहू द्या.

दोन यंत्रणांचं आपसात न जुळणं किती महाग पडतं हे ३० जून २०१२ ला दिसलं. त्या दिवशी यूटीसीच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेपाचला, लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवणारा जादा सेकंद) घातला गेला. घड्याळ वाचणाऱ्या बाजूने एक सेकंद धरला. टायमरांच्या बाजूला तो कळवायचा राहून गेला. घड्याळाच्या वेळेवर लावलेले टायमर एक सेकंद लवकर वाजू लागले. सेकंदापेक्षा कमी झोपणारे प्रोग्राम लगेच उठायचे, पुन्हा झोपायचे, लगेच उठायचे. जगभरचे जावा आणि मायएसक्यूएल सर्व्हर शंभर टक्के प्रोसेसर जाळत बसले. उपाय निघाला तो एका ओळीचा: डेट कमांडने आत्ताचीच वेळ पुन्हा लावा. वेळ लावली की कर्नल टायमरांना ती कळवतो, आणि दोन्ही बाजू पुन्हा जुळतात.

पायरी ८: स्वतःच्या प्रोग्रामसाठी घड्याळ निवडा

क्लॉक_रिअलटाइम माणसाला वेळ दाखवण्यासाठी आणि लॉगमध्ये लिहिण्यासाठी. तो मागेही जाऊ शकतो. दोन क्षणांमधलं अंतर त्याने कधीही मोजू नका. अंतरासाठी क्लॉक_मोनोटॉनिक: मागे जात नाही, एनटीपी त्याची गती किंचित बदलतं, पण उडी मारायला लावत नाही. लॅपटॉप सस्पेंडमध्ये असताना मात्र तो थांबलेला असतो. टोकनची मुदत किंवा डाउनलोडची वाट पाहायची असेल आणि झोपेचा काळही धरायचा असेल, तर क्लॉक_बूटटाइम.

दर दहा मिलिसेकंदांनी काम करणारा लूप लिहिताना काम उरकून मग दहा मिलिसेकंद झोपलात, तर कामाला लागलेला वेळ आणि उठायला झालेला उशीर दोन्ही साचत जातात. त्याऐवजी सुरुवातीला एकदा मोनोटॉनिक वाचा, त्यात दर फेरीला दहा मिलिसेकंद मिळवा, आणि क्लॉक_नॅनोस्लीपला टायमर_ॲबटाइम देऊन थेट त्या क्षणापर्यंत झोपा. एखादी फेरी उशिरा उठली तरी पुढची आपल्या जागी येते. फेऱ्या चुकायला लागल्या तर किती चुकल्या ते मोजा, आणि तो आकडा लॉगमध्ये लिहा.